प्लायवूडचा रणगाडा

  आज आम्ही एका सिनेमाबद्दल बोलणार आहोत. सिनेमा पाऊणशे वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतला, काळा-पांढरा, आणि तोही लढाईचा. तुम्ही म्हणाल, कापसा-कांद्याचे भाव सोडून, बचत गटाचे हप्ते सोडून यांना हे काय सुचलं? त्यामागे आमच्याच हातून झालेली एक चूक आहे. ती आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

मे २०२५ मधले ते चार दिवस आठवा. ७ मेच्या मध्यरात्रीनंतर ऑपरेशन सिंदूर झालं आणि १० मेच्या संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. त्या चार दिवसांत आपल्यापैकी कोणीच मोबाइल हातातून खाली ठेवला नसेल. आमच्या गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही एक व्हिडिओ आला. रात्रीचं काळं आकाश, त्यात लाल रेषा, एक विमान पेट घेत खाली येतंय. खाली लिहिलेलं, हे आत्ताचं, सीमेवरचं आहे. आमच्यातल्या एकीने तो पुढे पाठवला, दुसरीने आणखी पुढे. हा कुठून आला, कोणी काढला, असं एकीनेही विचारलं नाही.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांचा मुलगा फौजेत आहे आणि तेव्हा त्याचा फोन लागत नव्हता. तो व्हिडिओ पाहून त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. पुढे पोराचा फोन आला, तो सुखरूप होता. आणि मग कळलं की तो व्हिडिओ लढाईचा नव्हताच. पोरं कॉम्प्युटरवर लढाईचे गेम खेळतात ना, त्यातला तो तुकडा होता. असे गेममधले तुकडे खरी लढाई म्हणून त्या दिवसांत देशभर फिरले. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाला ते खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं. मावशी आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या बैठकीत मात्र त्यांनी एक प्रश्न टाकला. त्या म्हणाल्या, "लढाई चालू असताना लढाईचं खरं चित्र कोणी दाखवूच शकत नाही का गं?" त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. गटातल्या कॉलेजच्या एका मुलीने एक जुना सिनेमा शोधून आणला. लॅपटॉप स्टुलावर ठेवला, भिंतीला पांढरी चादर लावली, आणि ती मधे मधे थांबवून आम्हाला मराठीत सांगत गेली. त्या सिनेमाचं नाव 'द स्टील हेल्मेट'. म्हणजे शिपायाचा पोलादी टोप.

लढाई संपायच्या आत

आपण पाहतो ते लढाईचे सिनेमे बहुतेक लढाई संपून कितीतरी वर्षांनी निघालेले असतात. चीनबरोबरची लढाई १९६२ ची, तिच्यावरचा 'हकीकत' आला १९६४ मध्ये. 'बॉर्डर' १९९७ चा, पण त्यातली लढाई १९७१ ची. कारगिलची लढाई १९९९ ची आणि 'एलओसी कारगिल' २००३ चा. सिनेमा काढायला वेळ लागतो, पैसा लागतो. शिवाय कोण जिंकलं ते ठरलेलं असलं की शेवट कसा करायचा हेही ठरतं. पाहणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून तो जरा निवांत बसतो.

'द स्टील हेल्मेट'चं तसं नव्हतं. तो कोरियाच्या युद्धावरचा आहे आणि कोरियाचं युद्ध चालू असतानाच काढलेला आहे. कोरिया हा चीनच्या शेजारचा देश. १९१० पासून पस्तीस वर्षं तिथे जपानचं राज्य होतं. १९४५ मध्ये जपान हरला, आणि जिंकणाऱ्यांनी नकाशावर एक आडवी रेघ मारून त्या देशाचे दोन भाग केले. उत्तरेला रशियाचा हात, दक्षिणेला अमेरिकेचा. २५ जून १९५० रोजी उत्तरेचं सैन्य ती रेघ ओलांडून खाली उतरलं. तीन दिवसांत दक्षिणेची राजधानी सोल पडली. मग संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिका आणि इतर देश उतरले आणि सप्टेंबरात सोल परत घेतलं. पुढच्याच महिन्यात उत्तरेच्या मदतीला चीनचं सैन्य आलं.

त्याच ऑक्टोबर महिन्यात, १९५० मध्ये, अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. शूटिंगचे दिवस फक्त दहा. जानेवारी १९५१ मध्ये सिनेमा लोकांसमोर आला, आणि त्याच महिन्याच्या ४ तारखेला सोल पुन्हा पडलं होतं. थिएटरात बसलेल्या बायांचे नवरे, मुलं, भाऊ त्या वेळी कोरियातल्या थंडीत होते. कोण जिंकणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सिनेमा काढणाऱ्यालाही नव्हतं.

आईने पाठवलेला कॅमेरा

सिनेमा काढणाऱ्याचं नाव सॅम्युअल फुलर. लिहिलेला त्यांनी, दिग्दर्शन त्यांचं, निर्मितीही त्यांचीच. जन्म १९१२ चा. पोरवयात वर्तमानपत्राच्या कचेरीत कागद इकडून तिकडे नेण्याचं काम केलं, मग गुन्ह्यांच्या बातम्या देणारे बातमीदार झाले. दुसऱ्या महायुद्धात साधे पायदळातले शिपाई म्हणून गेले. उत्तर आफ्रिका, सिसिली आणि ६ जून १९४४ ची फ्रान्सच्या किनाऱ्यावरची ती भयंकर उतराई, हे सगळं त्यांनी पाहिलं.

एक गोष्ट आमच्या मनात राहिली. फुलर लढाईवर असताना त्यांच्या आईने त्यांना एक छोटा सिनेमाचा कॅमेरा पाठवला होता. मे १९४५ मध्ये त्यांची तुकडी फाल्केनाऊ नावाच्या ठिकाणी नाझींच्या छळछावणीत पोचली. गावातले लोक म्हणत होते, आत काय चाललंय हे आम्हाला माहीतच नव्हतं. तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने गावकऱ्यांना आत बोलावून मेलेल्यांना कपडे घालायला लावले आणि सन्मानाने पुरायला लावलं. फुलर यांनी ते आईच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवलं. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं चित्रण ते. लढाईचं चित्र कसं असतं हे माणूस असं शिकलेला होता.

कमी पैशात लढाई कशी उभी करतात?

या सिनेमाला खर्च आला सुमारे १ लाख ४ हजार डॉलर. त्या वेळी एक डॉलर म्हणजे पावणेपाच रुपयांच्या आसपास, म्हणजे आपल्या हिशेबात पाचेक लाख रुपये. आपल्याला तो आकडा मोठा वाटेल, पण अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या सिनेमापुढे ही चिल्लरच. पैसे लावणारे रॉबर्ट लिपर्ट हे स्वस्तातले सिनेमे काढण्यासाठीच ओळखले जात. एका मोठ्या स्टुडिओने जॉन वेन या बड्या नटाला घेऊन हाच सिनेमा काढायची तयारी दाखवली होती, असं फुलर सांगत. त्यांनी नाही म्हटलं. पिळदार नायक त्यांना नको होता, दमलेला शिपाई हवा होता. मग जीन इव्हान्स नावाचा, फारसं कोणाला ठाऊक नसलेला नट घेतला. तोही महायुद्धात जाऊन आलेला होता.

मग पाच लाखांत कोरिया कसा उभा केला? बाहेरची दृश्यं शहरातल्या ग्रिफिथ पार्क नावाच्या मोठ्या बागेत घेतली. फौज म्हणून पंचवीस जण, त्यात कॉलेजची पोरं. रणगाडा होता प्लायवूडचा. आणि सगळीकडे धुकं. धुकं सोडलं की मागे डोंगर कोणते, झाडं कुठली, शिपाई पंचवीस की अडीचशे, काही दिसत नाही. धुक्यातून फक्त गोळीचा आवाज येतो आणि माणूस पडतो. कोणी मारली ते कळत नाही. आमची मुलगी म्हणाली, "हे पैसे वाचवायला केलंय." मावशी म्हणाल्या, "पण माझा पोरगा सुट्टीवर आला की असंच सांगतो. समोरचा दिसतच नाही म्हणतो."

निम्म्याहून जास्त गोष्ट एका बुद्धमंदिरात घडते. एकच जागा म्हणजे एकच सेट, तिथेही पैसे वाचले. पण लढाईत अडकलेली माणसं एका जागी कोंडली की त्यांना एकमेकांशी बोलावं लागतं, आणि खरा सिनेमा तिथे सुरू होतो.

दूरचं रणांगण घरच्या अंगणात उभं करणं आपल्यालाही नवं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानने चीनवर चाल केली होती. जखमींची सेवा करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच वारले. महायुद्धाची धग विझली नव्हती तेव्हाच, १९४६ मध्ये, व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' पडद्यावर आणला. कोटणीस झाले स्वतः शांताराम आणि त्यांची चिनी पत्नी झाल्या जयश्रीबाई. त्यात डॉक्टरांना प्लेगची लागण झालेली दाखवली आहे. प्रत्यक्षात ते अपस्माराच्या झटक्यांनी गेले. त्या सिनेमाला एक हुतात्मा उभा करायचा होता, आणि तो त्याने मनापासून केला. फुलर यांनी वेगळी वाट धरली.

टोपातलं भोक

सिनेमा सुरू होतो तो एका पोलादी टोपावर. टोपाला गोळीचं भोक पडलेलं. आपल्याला वाटतं माणूस मेलेला आहे. मग टोप हळूच वर होतो आणि खाली दोन डोळे दिसतात. हा सार्जंट झॅक. त्याच्या तुकडीतल्या सगळ्यांना हात मागे बांधून मारलेलं आहे, हा एकटा वाचलाय. त्याचेही हात बांधलेले. तेवढ्यात अनवाणी पाय दिसतात. हातात बंदूक घेतलेलं एक कोरियन पोर. ते त्याची दोरी कापतं.

झॅक त्याला, त्या वेळी गोरे शिपाई आशियातल्या माणसांना हिणवून म्हणत तो शब्द म्हणतो. पोर तिथल्या तिथे सांगतं, मी तसला कोणी नाही, मी कोरियन आहे. आमच्यातल्या एकीने इथे टाळीच वाजवली. पोराला घरदार उरलेलं नाही. झॅक त्याला हाकलतो, ते मागे मागे येतं. त्याने कागदावर बुद्धाची प्रार्थना लिहून अंगावर लावलेली असते. त्याचं नाव झॅक ठेवतो 'शॉर्ट राउंड'. तोफेचा जो गोळा अलीकडेच, आपल्याच माणसांवर पडतो, त्याला शिपायांच्या बोलीत तसं म्हणतात. पोर हसतं. पाहणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो.

पुढे त्यांना आणखी शिपाई भेटतात. त्यात थॉम्पसन नावाचा काळा शिपाई जखमींवर उपचार करणारा, आणि टनाका नावाचा जपानी वंशाचा अमेरिकन सार्जंट. सगळे मिळून त्या बुद्धमंदिरात ठाण मांडतात. तिथे उत्तर कोरियाचा एक अधिकारी लपलेला असतो, तो पकडला जातो.

कैद्याचे दोन प्रश्न

तो कैदी थॉम्पसनला विचारतो, तू यांच्यासाठी मरायला आलास, पण तुझ्या देशात बसमध्ये तिकीट काढूनही तुला मागेच बसावं लागतं ना? थॉम्पसन त्याच्या जखमेवर पट्टी बांधत असतो. खोटं बोलत नाही. तो सांगतो की शंभर वर्षांपूर्वी बसमध्ये चढताही येत नव्हतं. आता मागे तरी बसता येतं. पन्नास वर्षांत कदाचित मधे बसता येईल, कधीतरी पुढेही.

इथे आम्ही सिनेमा थांबवला, कारण सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक ताई म्हणाल्या, "हे तर आपल्या पाणवठ्यासारखंच." महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला तो १९२७ मध्ये. अमेरिकेत रोझा पार्क्स या बाईंनी बसमधली जागा सोडायला नकार दिला तो डिसेंबर १९५५ मध्ये, म्हणजे या सिनेमानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. थॉम्पसन पन्नास वर्षं थांबायला तयार होता, रोझाबाई थांबल्या नाहीत. पण लढाई चालू असताना, आपलीच पोरं मरत असताना, आपल्याच देशातली ही उणीव शत्रूच्या तोंडून पडद्यावर वदवणं सोपं नव्हतं.

दुसरा प्रश्न टनाकाला. तुझे डोळे माझ्यासारखे. महायुद्धात तुझ्या लोकांना यांनीच छावणीत कोंडलं होतं ना? हेही खरंच होतं. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या जवळपास १ लाख २० हजार माणसांना घरं सोडायला लावून काटेरी कुंपणात ठेवलं होतं. बायका, पोरं, म्हातारे, सगळे. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. सरकारने त्याची रीतसर माफी मागितली ती थेट १९८८ मध्ये.  टनाका ते नाकारत नाही. तो म्हणतो, मी तरीही अमेरिकन आहे, आणि घरातलं भांडण आम्ही घरात सोडवू.

पोर गेल्यावर

आणि मग लपलेल्या नेमबाजाची गोळी त्या पोराला लागते. पोराने अंगावर लावलेली चिठ्ठी टनाका वाचून दाखवतो. त्यात मागितलेलं असतं, देवा, सार्जंट झॅकला मी आवडू दे. एवढंच. झॅकने सिनेमाभर त्या पोराला एक प्रेमाचा शब्द दिलेला नसतो. कैदी त्या चिठ्ठीची टर उडवतो, आणि झॅक त्या निःशस्त्र कैद्यावर गोळी झाडतो. लगेच भानावर येऊन थॉम्पसनवर ओरडतो, याला वाचव. कैदी मरतो.

लहान मूल गेलेलं पाहिलं की आपलंही रक्त उसळतं. खरं सांगायचं तर झॅकने बंदूक उचलली तेव्हा आमच्यातल्या दोघीतिघींच्या तोंडून "बरं झालं" असं निघून गेलं. पण सिनेमा तिथे टाळी घेत नाही. अधिकारी झॅकला झापतो, सोबतचे शिपाई गप्प होतात. पकडलेल्या माणसाला मारायचं नाही, हा नियम १९४९ च्या जिनिव्हा करारात नव्याने लिहून शाई वाळलेली नव्हती. आणि इथे नायकच तो मोडतो.

अमेरिकन लष्कराला हे खपलं नाही. फुलर यांना बोलावून विचारलं गेलं, अमेरिकन शिपाई असं करतो असं कसं दाखवलंत? फुलर पुढे सांगत की त्यांनी महायुद्धातले आपले वरिष्ठ, जनरल जॉर्ज टेलर, यांना फोन लावायला सांगितलं, आणि असं घडतं हे टेलर यांनी कबूल केलं. काही पत्रकारांनी फुलर यांना कम्युनिस्टांचा हस्तक ठरवलं. उलट कम्युनिस्टांच्या वर्तमानपत्राने त्यांना प्रतिगामी म्हणून झोडपलं. दोन्हीकडून शिव्या. लोकांनी मात्र सिनेमा पाहिला, आणि खर्चाच्या कित्येक पट पैसा आला.

एक लक्षात घ्या. फुलर फौजेच्या विरोधात नव्हते. हा सिनेमा त्यांनी पायदळातल्या शिपायांनाच अर्पण केलेला आहे. शेवटी मंदिरावर मोठा हल्ला होतो, मोजके जण वाचतात. त्याआधी लेफ्टनंटने शुभ म्हणून झॅककडे तो भोक पडलेला टोप बदलून मागितलेला असतो आणि झॅकने दिलेला नसतो. आता झॅक तो टोप लेफ्टनंटच्या थडग्यावर ठेवतो. मग धुक्यात चालू लागतो. पडद्यावर 'समाप्त' येत नाही. या गोष्टीला शेवट नाही, अशा अर्थाची ओळ येते.

पुढे काय झालं, आणि वडगावचे थोरात

आमच्यातल्या एकीने विचारलं, मग त्या लढाईचं पुढे काय झालं? ते पाहायला गेलो तेव्हा आपला एक मराठी माणूस भेटला.

भारताने कोरियात लढायला सैन्य पाठवलं नव्हतं. १९५० च्या अखेरीस ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे लष्करी डॉक्टरांचं पथक तेवढं पाठवलं, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली. जुलै १९५१ मध्ये तहाची बोलणी सुरू झाली, पण युद्ध थांबायला २७ जुलै १९५३ उजाडलं. बोलणी सर्वांत जास्त अडली ती कैद्यांवरून. पकडलेल्या हजारो माणसांना आपल्या देशात परत जायचं नव्हतं. त्यांना जबरदस्तीने पाठवायचं की नाही, यावर वर्षाहून जास्त काळ वाद चालला आणि तेवढा काळ माणसं मरत राहिली. फुलर यांनी मंदिरात एका कैद्याचा प्रश्न मांडला होता, तो असा हजारोंचा होऊन बसला.

शेवटी ठरलं की अशा कैद्यांना तिसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. तो तिसरा म्हणजे भारत. जनरल थिमय्या आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि प्रत्यक्ष कैदी सांभाळणाऱ्या भारतीय फौजेचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष भारतीय शिपायांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू देईनात, म्हणून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरने मधल्या पट्ट्यात नेऊन उतरवावं लागलं. तिथल्या तळाला नाव दिलं 'हिंद नगर'. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने त्यांच्या हवाली झाले सुमारे २२ हजार ६०० कैदी. संतापलेले, घाबरलेले, आपसांतही एकमेकांच्या जिवावर उठलेले.

सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरलाच कुंपणाच्या आत ओढून नेलं. थोरात मोजक्या माणसांसह आत गेले, त्या जमावात उभे राहून बोलले आणि अधिकाऱ्याला सोडवून आणलं. सगळं असंच गोड झालं असं नाही. काही वेळा आपल्या जवानांना गोळी चालवावी लागली आणि त्यात कैदी मेले, हेही सांगायला हवं. बहुतेक कैदी शेवटी परत गेलेच नाहीत. ऐंशीहून जास्त जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते आपल्या फौजेबरोबर भारतात आले. आणि तहाचं म्हणाल तर १९५३ मध्ये झाली ती फक्त युद्धबंदी. शांततेचा करार आजतागायत झालेला नाही. शेवट नाही असं फुलर यांनी लिहिलं होतं, ते त्यांना वाटलं असेल त्याहून लांबलं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर

आता परत आपल्या मोबाइलकडे येऊ. त्या व्हिडिओतलं विमान खरं नव्हतं आणि या सिनेमातला रणगाडाही खरा नव्हता. मग एकाने मावशींचं अन्न तोडलं आणि दुसऱ्याने आम्हाला शहाणं केलं, असं का? यावर आम्ही बराच वेळ बोललो. आम्हाला कळलं ते असं.

सिनेमाने सुरुवातीलाच सांगितलं की ही रचलेली गोष्ट आहे, आणि ती कोणी रचली त्याचं नावही दिलं. व्हिडिओ म्हणाला, हे खरं आहे, आणि पाठवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. सिनेमाने शत्रूला तोंड दिलं, त्याचे प्रश्न ऐकवले आणि आपल्याही माणसाची चूक दाखवली. व्हिडिओत माणूस नव्हताच, नुसता जाळ होता. सिनेमा संपल्यावर आम्ही तासभर बोलत बसलो. व्हिडिओ पाहिल्यावर आम्ही फक्त एक बटण दाबलं, पुढे पाठवायचं.

म्हणून आमच्या गटाने आता एक शिस्त लावून घेतली आहे. लढाईचं, दंग्याचं, अपघाताचं काहीही आलं की आधी तीन गोष्टी विचारायच्या. हे कोणी काढलं आणि कधी? यात माणूस दिसतोय की नुसता जाळ? आणि हे आत्ता आपल्यातल्या कोणाच्या घरी पोचलं तर तिथे काय होईल? तिन्हीची उत्तरं मिळाली नाहीत तर ते आपल्या फोनमधून पुढे जाणार नाही. दहा वेळा ते खरंही निघेल, चालेल. उशिरा कळलेल्या खऱ्या बातमीने कोणाचं बिघडत नाही.

सिनेमा संपला त्या संध्याकाळी मनमाडकडून आलेली गाडी स्टेशनात लागत होती, तिचा भोंगा ऐकू आला. मावशी चादरीची घडी घालत होत्या. आम्ही विचारलं, "मावशी, कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "त्या पोराची चिठ्ठी आधी वाचायला पाहिजे होती. मेल्यावर कशाला वाचायची?"

त्यांचा मुलगा दिवाळीला येणार आहे. तेव्हा हा सिनेमा पुन्हा लावायचं ठरलंय, या वेळी तो सांगेल आणि आम्ही ऐकू. तुमच्याही घरचं, गावचं कोणी फौजेत असेल तर त्याला नुसतं "किती जणांना मारलं" असं विचारू नका. "जेवलास का, झोप लागते का" हे विचारा, आणि तो बोलला तर मधे बोलू नका. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.